झाकणावरचं नाव

"नाव बाटलीवर लिहायचं, झाकणावर न्हाई. कितींदा सांगायचं तुमाला?" साताऱ्याच्या लॅबमध्ये आम्रपाली दवाखान्यातून बाटल्या घेऊन आलेल्या कंपाउंडरवर कडाडली. तोंडातल्या जखमेचे तुकडे तपासायला आले होते. बाटल्या दोन, माणसं दोन, आणि दोन्ही नावं झाकणांवर.

"आवं ताई, झाकण बाटली सोडून जातंय कुठं?" तो म्हणाला. तिनं दातओठ खात बाटल्या ठेवून घेतल्या.

एका तुकड्यात कॅन्सर निघाला, आणि त्या रिपोर्टावरून रहिमतपूरच्या आक्काताईंचा अर्धा जबडा काढला. काढलेल्या जबड्यात मात्र कॅन्सरचा कणसुद्धा सापडेना. आठ महिने नुसती पत्रापत्री झाली, तेव्हा कुठं लॅबनं मेणात जपून ठेवलेला तो पहिला तुकडा आणि आक्काताईंचं रक्त डीएनए तपासणीला मुंबईला गेलं. आज उत्तर आलं. तुकडा पुरुषाचा आहे.

आम्रपालीच्या मस्तकात तिडीक गेली. कंपाउंडरची गचांडी धरायलाच ती उठली, आणि दारातच थबकली.

दुसरी बाटली उंब्रजच्या रसूलची होती, आणि "काही न्हाई, जावा निवांत" असं त्याला नऊ-दहा महिन्यांपूर्वी तिनंच हसून सांगितलं होतं.