मालकीणबाईंची पाखरं

"माणसांना टेकायला जागा नाही गं बाई या घरात. पाखरं मात्र खुर्चीत, फ्रीजवर, माझ्या चष्म्याच्या डबीतसुद्धा!" सासूबाई तान्ह्या नातीच्या कानात सांगत होत्या. कानातच, पण पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने.

मालकीणबाईंनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. तोंडात टाचण्या असल्या की ते सोपं जातं.

मालकीणबाई हे नाव नवऱ्याने ठेवलेलं, कंपनी काढली त्या दिवशी. कंपनी म्हणजे जेवणाचं टेबल, एक शिवणाचं मशीन आणि कापसाचं पोतं. माल म्हणजे चिमणाळी. लाकडी कड्याला दोऱ्यांनी लोंबणारी कापडी पाखरं, बाळाच्या डोक्यावर टांगायची. कापूस भरायला सासूबाई, गाठी मारायला नवरा. दोघेही बिनपगारी, त्यामुळे कामाला हळू आणि बोलायला जलद.

कंपनी कशासाठी, हे मालकीणबाईंनी ऑफिसात साहेबांना तोंडावर सांगितलं होतं. "मला बाळाजवळ राहायचंय." सांगताना त्यांनी रुमालाने डोळे टिपले. साहेबांनीही जरासा चष्मा पुसला. रजा संपेपर्यंत काय ते कळवा, म्हणाले. रजा सोमवारी संपत होती, आणि आज खेळण्यांच्या दुकानाचे मालक माल बघायला येणार होते. त्यांनी पसंत केला तर नोकरीला रामराम. नाहीतर सोमवारी पुन्हा तीच बस, तीच खुर्ची.

पाखरं देखणी होती, यात वाद नव्हता. पाठीवर बारीक भरतकाम, पंखांना रंगीत झालरी. मालकीणबाई छोटीला पाजायला घ्यायच्या तेव्हाही दुसऱ्या हातात एखादं पाखरू असायचं, आणि मान तिरकी करून त्या बघत बसायच्या. पाखराकडे. छोटीने ढेकर दिला की छोटी सासूबाईंकडे आणि बाई मशीनकडे. मशीनची खडखड ऐकून बाळ शांत झोपतं, असा एक शोध त्यांनी लावला होता. आई झाल्यापासूनचा तो त्यांचा एकुलता एक शोध.

अडचण एवढीच होती की चिमणाळं टांगलं की छोटी रडायची.

"पोट दुखत असेल," सासूबाई म्हणायच्या.

"दात येत असतील," नवरा म्हणायचा. "पंख्याकडे बघून मात्र खिदळते हं." हे तो एकदाच बोलून गेला. सासूबाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो निमूट गाठी मारायला लागला.

मालकीणबाईंनी मान वर करून पंखा न्याहाळला. मळका. ना भरत, ना झालर. मुलगी आवडीनिवडीत बापावर गेली, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

दुकानदार आले. ऐसपैस माणूस, जिना चढून धापा टाकत होता. छोटी नेहमीसारखी हॉलमध्ये चटईवर होती, आणि वर हुकाला कंपनीचा सगळ्यात उत्तम माल. दुकानदारांनी उभ्याउभ्या एकेक पाखरू फिरवून बघितलं. "वा! जादू आहे हो तुमच्या हातात."

तेवढ्यात छोटीने टाहो फोडला.

"दात," नवरा म्हणाला.

"पोट," सासूबाई म्हणाल्या, त्याच क्षणी.

"काय झालं राणीसरकार?" म्हणत दुकानदार खाली वाकले. गुडघा कुरकुरला म्हणून बसले. बसल्यावर कंबर धरली म्हणून तसेच छोटीशेजारी आडवे झाले. वर बघितलं, आणि पोट हलेपर्यंत हसायला लागले.

"ताई, जरा इथे येऊन झोपता का?"

मालकीणबाई छोटीच्या दुसऱ्या बाजूला आडव्या झाल्या. वर पाहिलं. भरत नाही, झालर नाही, चोच नाही. नुसती पोटं. पांढऱ्या मांजरपाटाची, कापूस कोंबून वेडेवाकडे टाके घातलेली, गाठी लोंबणारी पोटं, गरागरा फिरत अंगावर आल्यासारखी. पोटाला भारी कापड कशाला, तिथे कोण बघतंय, असा हिशेब मालकीणबाईंचाच होता.

"पोटं सजवून आणा," दुकानदार म्हणाले. "मग सगळा माल माझा. पण आधी मला कुणीतरी उठवा."

नवऱ्याने आणि सासूबाईंनी मिळून त्यांना उभं केलं, दारापर्यंत सोडलं. परत आले तर मालकीणबाई अजून चटईवरच. छोटी रडायची थांबली होती. कुशीवर वळून ती आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, नवीन कोणी आलंय घरात तसं. मग तिने हात लांब करून आईचं नाक पकडलं.

"तुम्हाला दोघांना माहीत होतं," मालकीणबाई म्हणाल्या. नाक धरलेलं, त्यामुळे आवाजात रुबाब काही उतरेना. "पोटांचं. आधीपासून."

नवरा हुकाकडे बघायला लागला.

"मग सांगितलं का नाहीत मला? आई?"

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या. सुनेच्या केसात अडकलेला दोरा हलकेच काढला, बोटाला गुंडाळला.

"कसं सांगणार गं? तू विचारलं असतंस, तुम्हाला कसं दिसलं. आणि मग सांगावं लागलं असतं, की या चटईवर तिच्या शेजारी तू सोडून सगळे झोपलोय."