शांत लेकरांचं खातं

रत्नम्माची पोर उठेना.

दुपारची सुट्टी झाली, तसे सुताच्या लडी करणारे रहाट थांबले. बाया लगबगीनं भिंतीकडच्या टोपल्यांपाशी गेल्या आणि आपापलं लेकरू पदराखाली घेऊन बसल्या. रत्नम्मानं पोरीला छातीशी धरलं, तर पोरीची मान मागं लवंडली. तिनं गाल चोळला, तळपायाला चिमटा काढला. मग कुणाकडंही न बघता ती पोरीला नुसती हलवत राहिली.

सारजाबाई दाराशी उभी होती. ती या खात्याची नायकीण. गिरणीत लडी करणाऱ्या बायांना कामावर घेणं, काढणं सगळं तिच्या शब्दावर चाले.

काय झालं म्हणून तिनं जागेवरूनच विचारलं.

"झोपलीया, बाई," रत्नम्मा म्हणाली.

सारजाबाईला बरं वाटलं. झोपली तर झोपली. एवढ्या खडखडाटात तिच्या खात्यातली पोरं गाढ झोपतात, हे साऱ्या गिरणीला ठाऊक होतं. परवाच पाहणीला आलेल्या मडमेनं मोठ्या साहेबापाशी तिची तारीफ केली होती. आपला बायांवर जीव आहे, म्हणून त्याही निवांत आणि त्यांची पोरंही निवांत, असं सारजाबाई येताजाता जावेला सांगे. सांगता सांगता तिला स्वतःलाही ते खरं वाटे.

ती वळली. बाहेर पाऊल टाकणार, तोच तिच्या ध्यानात आलं, की मागं कुणीच बोलत नाही. सुट्टीतसुद्धा कुणी भाकरीचं फडकं सोडलं नव्हतं. सगळ्या रत्नम्माकडं बघत होत्या, आणि सारजाबाईनं मागं पाहताच सगळ्यांनी माना खाली घातल्या.

ती परत आत आली. पोरीचे ओठ जांभळट झाले होते. तिनं नाकापुढं बोट धरलं. बराच वेळ काहीच लागलं नाही. मग एक बारीकसा श्वास आला आणि पुन्हा थांबला.

ताप असेल. ऊन बाधलं असेल. रात्री जागली असेल. कारणं एकामागून एक आपोआप पुढं येत होती. तिनं पोरीची पापणी वर केली. बुबुळाचा ठिपका मोहरीएवढा झाला होता. अफूच्या नादानं गेलेल्या तिच्या चुलत्याचे डोळे शेवटी असेच झाले होते.

तिनं शेजारी पाहिलं. नागम्माच्या पदराखालचं लेकरू पीत नव्हतं. पलीकडचंही पीत नव्हतं. एकीचंही नाही. बाया लेकरांना नुसत्या धरून बसल्या होत्या.

"अफूची गोळी कोन कोन देतंय?" तिनं विचारलं. "भ्यायचं न्हाय. सांगा मला."

शेवटी नागम्मा खालच्या आवाजात बोलली. "रडणारं प्वार दिसलं तर त्येच्या आईनं उद्यापासनं येऊ नये, असं तुमीच म्हनला हुता की, बाई."

म्हणाली होती. काशम्माचं लेकरू रडलं, तेव्हा तिच्या तोंडावर म्हणाली होती. दुसऱ्या दिवसापासून काशम्मा आली नाही, तेव्हा ती गावी गेली असेल, असं सारजाबाईनं धरून टाकलं होतं. सकाळी टोपलीवर वाकलेल्या बाया पदराची गाठ सोडून लेकराच्या जिभेवर काहीतरी ठेवत, तेव्हा ही रहाटाकडं तोंड फिरवून उभी राहायची. नेमकी तेव्हाच. कधी चुकली नव्हती.

तिनं पोरीला उचललं आणि ती पळत सुटली. मागं रत्नम्मा. आवारातली फरशी तापून निघाली होती. गिरणीचा दवाखाना दिसेपर्यंत सारजाबाईच्या मनात एक वाक्य तयार झालं होतं: आईनं दिली, मला न विचारता दिली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी पोरीला टेबलावर घेतलं. तोंडावर गार पाणी मारलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या आणि ते छाती दाबायला लागले. गडबड ऐकून मोठे साहेब दारात येऊन उभे राहिले. अफू कुणी दिली, असं डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"मी," रत्नम्मा म्हणाली.

साहेबांनी सारजाबाईकडं पाहिलं. तिला तिचं वाक्य आठवलं. आता बोललं, की नायकिणीचं काम गेलं, हे तिला दिसत होतं.

"माझ्या भ्यानं दिली तिनं," ती म्हणाली. "एकटीनं न्हाय. समद्यांनी दिलीया. लेकरं तितंच हायती, डाक्टर. चला लवकर."

साहेब काहीतरी विचारत होते. तिला ते ऐकू आलं नाही. कारण टेबलावर पोरीनं अंग आखडलं आणि मांजराच्या पिलासारखा एक आवाज काढला. रत्नम्मा मटकन खाली बसली. पोरीला जागी ठेवा, डोळा लागू देऊ नका, असं कंपाउंडरला बजावून डॉक्टरांनी पेटी उचलली. सारजाबाई वाट दाखवत पुढं झाली.

खात्यात बायांनी लेकरांच्या तोंडावर पाणी मारायला सुरुवात केली होती. कोपऱ्यात अक्कम्माच्या मांडीवरचं लेकरू एवढ्यात जागं झालं. त्यानं ओठ वाकडे केले, ऊर भरून श्वास घेतला. अक्कम्मानं वर पाहिलं. दारात सारजाबाई दिसताच तिनं झटकन लेकराच्या तोंडावर हात ठेवला.

"रडू दे त्याला," सारजाबाई म्हणाली.

अक्कम्मा तिच्याकडं बघत राहिली. हात निघेना.