उजवा हात

“पप्पा, आज पण हात दाखवायचा?” हेल्मेटचा पट्टा आवळत दुर्वानं विचारलं.

“दाखवायचाच,” पप्पा म्हणाले. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली, पण गाडीला एक ओरखडा नाही; त्यांनीच लेकीला कोल्हापूरच्या ट्रॅकवर छोटी रेसिंग कार्ट शिकवली होती. पुढच्या गाडीला मागं टाकायचं ते उजवीकडनंच, आणि आधी हात दाखवून. शर्यतीत असलं काही नसतं, हे बारा वर्षांच्या दुर्वाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण सवय कुठली सुटायला? तिचा उजवा हात वर गेला की पुढची पोरं मान वळवून बघायची आणि हसत हसत उजवी बाजू अडवायची. तीन शर्यती झाल्या, तिन्हीत चौथी.

आज ज्युनिअर गटाची शेवटची शर्यत होती, आणि शेवटचं वळण. पुढं एकटा पुण्याचा नील. दुर्वाचा उजवा हात वर गेला. नीलनं मागं बघितलं, कार्ट निवांत उजवीकडं घेतली, आणि दुर्वा डावीकडनं सुसाट निघून गेली.

“अगं, डावीकडनं?” कुंपणापाशी पप्पांनी कपाळाला हात लावला. पोरगी पहिली आलीय हे ध्यानात आलं, तसा तोच हात वर करून ते नाचायला लागले.

नील रडवेला होऊन त्यांच्याकडं आला. “काका, तिनं उजवा हात दाखवला होता!”

“हात मी शिकवला, बाळा,” पप्पा म्हणाले. “डावीकडनं घुसायचं तिचं ती शिकली.”