थोरलीचा तक्ता

"नदीकाठी एक खोपटं होतं. खोपटात एक म्हातारी होती. म्हातारीची शेळी रानात हरवली होती…"

पलीकडच्या खोलीतून हा आवाज आला तेव्हा आई तान्ह्या पंडितला पाजत होती. तिने वाकून पाहिलं. पाच वर्षांची थोरली मांडीवर गोष्टीचं पुस्तक उघडून बसली होती. ओळीवर बोट फिरत होतं, जीभ कुठे अडखळत नव्हती. रात्री दोन-चारदा वाचून दाखवलं, तेवढ्यावर पोर वाचायला लागली. आईचे डोळे भरून आले. आपली मुलं घरीच शिकतील, हे तिने त्या दिवशी ठरवलं.

त्याला अकरा वर्षं झाली. आता मुलं सात होती, आणि आज सकाळी दहा वाजता निरीक्षक बाई यायच्या होत्या. या घरात मुलांना शिकवलं जात नाही, असा कुणीतरी शिक्षण खात्याच्या कचेरीत फोन केला होता. तक्रार खरी ठरली तर सगळी मुलं शाळेत घालावी लागणार होती. मुलं उंबऱ्याबाहेर गेली की घर उसवतं, असं आईला वाटायचं.

थोरली मात्र पहाटेच कामाला लागली होती. स्वयंपाकघराच्या दारावर तिने केलेला तक्ता होता. प्रत्येक मुलाला एक रंग, आणि रंगापुढे चित्रं. झाडू, बादली, फडकं, घडी घातलेला सदरा. अक्षर एकही नाही. "लहानग्यांनाही कळतो," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची.

"ताई, माझ्यापुढे दोन बादल्या का?" जुळ्यांपैकी एकाने विचारलं.

"काल एक राहिली होती, म्हणून."

"आणि हिला नुसतं फडकं. ते तरी कुठे फिरवते ही? धूळ इकडची तिकडे ढकलते."

"तू तरी काय करतोस? पाण्यात पाय घालून उभा राहतोस," दुसरी म्हणाली.

"भांडा अजून," पंडित खिडकीची काच पुसत म्हणाला. "बाई आल्या की भांडणातच पहिला नंबर देतील."

थोरली हसली नाही. कडेवर शेंडेफळाला घेऊन ती एका हाताने ओटा घासत होती. सवयीचा हात होता तो. घासला की ओटा लख्खच व्हायचा.

"फोन समोरच्या काकूंनीच केला," आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "शेंडेफळाला दवाखान्यात नेलं ना, तेव्हापासून त्यांचा डोळा आहे आपल्यावर."

गेल्या महिन्यातली गोष्ट. खोकल्याच्या औषधाऐवजी शेंडेफळाच्या पोटात दुसऱ्याच बाटलीतलं औषध गेलं. दोन दिवस तो नळ्या लावून पडला होता. थोरलीच्या हातून घाईत बाटल्यांची अदलाबदल झाली, असं आईने सगळ्यांना सांगितलं. झोपलेल्या शेंडेफळाच्या छातीवर हात ठेवून थोरली बसून राहायची.

"आई, बाई मलाही काही विचारतील?"

"तुला काय विचारायचंय? तू घराचा खांब आहेस माझा. तू फक्त या लहानग्यांना तेवढं सांभाळ."

बाई ठरल्या वेळी आल्या. त्यांनी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट कोरडं नि स्वच्छ निघालं. सात पलंगांवर सात चादरी ताणून बसवलेल्या होत्या. तक्त्यापुढे त्या बराच वेळ थांबल्या.

मग त्यांनी पंडितपुढे वर्तमानपत्र धरलं. त्याने घडाघडा वाचलं.

"कुणी शिकवलं रे?"

"आईने. पलंगावर."

आई ओशाळली. "जुळ्यांच्या वेळी मला सहा महिने उठायची मनाई होती. हा शेजारी बसून अक्षरं गिरवायचा. घर तेव्हा थोरलीनेच ओढलं. दहा वर्षांची होती."

जुळ्यांनी पाढे म्हटले, मधलीने गणित सोडवलं. थोरलीला दोनदा बोलावलं, ती आली आणि दोन्ही वेळा दूध उतू जाईल म्हणून परत गेली. बाईंनी हसून मान हलवली.

"तक्रार करणारीने नाव सांगितलं नव्हतं," त्या कागद काढत म्हणाल्या. "'पोरांना शिकवा' एवढंच म्हणत होती. पण एवढं नीटनेटकं घर मी क्वचित पाहिलंय. तक्रारीत तथ्य नाही, असं लिहून मी हे बंद करते."

आईने भिंतीला पाठ टेकली.

"तुमची सही इथे. आणि थोरलीचीही घेऊ. सोळा वर्षांची आहे, तिचंही म्हणणं नोंदवायला हवं. ये गं बाळ. वाच, पटलं तर सही कर."

थोरलीने शेंडेफळाला पंडितच्या हाती दिलं, ओले हात ओढणीला पुसले आणि कागद घेतला. वरपासून खालपर्यंत तिची नजर सावकाश उतरली, पुन्हा वर गेली. तिने मुंग्यांसारख्या दिसणाऱ्या त्या काळ्या रांगांवरून बोट फिरवलं.

"कर ना गं," आई हळूच म्हणाली. "संपलं आता सगळं."

"काय लिहिलंय यात?"

"अगं, समोर तर आहे. वाच की."

थोरलीने कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मग ती आईकडे वळली.

"मला वाचता येत नाही, आई. म्हणून तर यांना फोन केला मी."