सामना आणि सॉस

बशीत टाकलेल्या थेंबाभोवती अजून पाणी सुटत होतं. म्हणजे सॉस झाला नव्हता. चंद्रकला पुन्हा ढवळायला लागली. भिंतीपलीकडच्या मैदानात शिट्टी वाजली की तिचा हात थांबायचा, आणि हात थांबला की पातेल्यातून टमाट्याचा कढत शिंतोडा तिच्या मनगटावर उडायचा.

मैदान सौसरच्या शाळेचं, आणि तिथे तिची सुमन पांढुर्ण्याच्या मुलींशी खो-खोचा शेवटचा सामना खेळत होती. चंद्रकलेनं लेकीला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. नवरा मोतीराम त्याच शाळेत शिपाई. त्यामुळे सामना म्हटला की पाहुणे, आणि पाहुणे म्हटले की शाळेच्या क्वार्टरमध्ये चुलीपुढे चंद्रकला. हे इतकं ठरून गेलं होतं की तिला कोणी विचारतही नसे. यंदा बडे सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, समोशांसोबत सॉस हवा होता. तोही घरचा, आणि त्याला धुराचा वास नको. म्हणून त्यांनी आपल्या घरची विजेची शेगडी पाठवली होती. मोठीच मेहरबानी.

यंदा एक बरं होतं. तिचा धाकटा दीर मुकुंद, जो गावोगावच्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा, तो आज सामना कॅमेऱ्यात उतरवत होता. "वहिनी, संध्याकाळी शाळेतल्या टीव्हीवर पक्का दाखवतो तुमाले," असं त्यानं सकाळीच कबूल केलं होतं. तेवढ्या आशेवर ती पातेल्याशी उभी होती. पण जीव काही थाऱ्यावर नव्हता. पलीकडे ओरडा झाला. कोण बाद झालं? आपल्यातली की त्यांच्यातली? पातेलं कडेवर घेऊन भिंतीवर चढावं, असं तिला वाटून गेलं.

तेवढ्यात मुकुंदच आत आला. हातात वायरचं भेंडोळं.

"वहिनी, शेगडी काढा लागते. बॅटरी बसली. जवळ प्लग फक्त तुमच्याच घरी आहे."

"अन् सॉस?"

"गुण बराबर आहेत. आपली सुमन एकटी उरली. शिट्टीपर्यंत टिकली तं सामना वाचला. आता सांगा, सॉस करू का सुमन?"

चंद्रकलेनं पिन ओढून काढली. मुकुंद आपली वायर लावून, खिडकीतून सोडत, धावतच गेला.

तिनं पातेलं उचलून अंगणातल्या चुलीवर ठेवलं. लागू दे धुराचा वास. आता तर हात जराही थांबवून चालणार नव्हतं, कारण चुलीचा जाळ काही बटणानं कमी होत नाही. तिनं ढवळलं. पुन्हा ओरडा झाला. तिनं आणखी थोडं ढवळलं आणि मग पळी हातात तशीच धरून ती कपडे धुवायच्या दगडावर चढली.

भिंतीवरून सगळं मैदान दिसलं. बसलेल्या मुलींच्या रांगेतून सुमन नागमोडी धावत होती, दोन्ही वेण्या पाठीवर आपटत होत्या. इतकी चपळ पोर आपल्या घरात राहते, सकाळी उठायला मात्र रडते, याचं चंद्रकलेला हसूच आलं. मग तिनं मुकुंदला शोधलं. तो सुमनकडे पाठ करून उभा होता. कॅमेरा मंडपाकडे. तिथे मुख्य अतिथी नुकतेच आले होते, बडे सर त्यांना हार घालत होते, आणि मुकुंद लग्नातल्यासारखा सावकाश हार, मग फेटा, मग शेजारच्या खुर्चीवरच्या बाई, असं एकेकाला उतरवत होता.

चंद्रकलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दगडावरून उतरली, फाटकातून बाहेर पडली आणि लोकांना बाजूला सारत थेट मैदानाभोवतीच्या दोरीपर्यंत पोचली.

"भाऊजी, नवरी तिकडं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नवरी इकडं धावून राहिली."

लोक हसले. मुकुंद ओशाळला आणि गर्रकन कॅमेऱ्यासकट वळला. पण तो आवाज मैदानातही पोचला होता. सुमननं मान वळवली. आपली आई, सामन्याला, दोरीपाशी. तिचा पाय एवढासा अडखळला, आणि पांढुर्ण्याच्या मुलीची थाप तिच्या पाठीवर बसली. लगेच शिट्टी झाली. सामना पांढुर्ण्यानं नेला.

चंद्रकलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं आपण आलो नाही तेच बरं होतं. मंडपात पाण्याचा ट्रे धरून उभा असलेला मोतीराम तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या शेजारी बडे सर नाक वर करून कसला तरी वास घेत होते. वास क्वार्टरकडून येत होता.

सुमन धापा टाकत दोरीपाशी आली. आता ही काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून चंद्रकला उभी राहिली. मुकुंदचा कॅमेरा दोघींवर चालूच होता.

सुमननं आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या पळीकडे पाहिलं.

"आई, तू इथं आली तं सॉस कोण ढवळून राहिलं?"

"कोणीच नाही," चंद्रकला म्हणाली.