एका हाताने उघडणारा

स्टीवनच्या छातीपर्यंत पाणी आलं तरी त्याचा बेल्ट निघेना.

गाडी नाल्यात उजव्या अंगावर कलली होती. बंद पडलेल्या टेम्पोला वळसा घालताना त्याला रस्त्याची कड दिसली नाही. दिसणार कशी? सकाळपासूनच्या पावसाने रस्ताच पाण्याखाली गेला होता. "इथून नको जाऊया," असं ज्युली एकदा हळूच म्हणाली होती. दुसऱ्यांदा म्हणायची तिला हिंमत झाली नव्हती. तिची बाजू आता वर होती. तिचा बेल्ट सुटला होता, खिडकीची काच खाली होती आणि बाहेर हात टाकला की गवत हाताला लागत होतं.

"ज्युली, हे निघत नाय. दाबून बघ. अगं, दाबून बघ ना!"

ज्युलीने पाण्यात हात घालून चाचपलं. बटण वाकलेल्या सीटखाली दबलं होतं. तिने नखं तुटेपर्यंत ओढलं. पाणी त्याच्या खांद्याला लागलं. नात्यातल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला निघाले होते दोघं. जेवण अजून व्हायचं होतं, म्हणजे स्टीवन अजून प्यायलेला नव्हता.

ज्युलीच्या कुर्त्याच्या खिशात चाकू होता.

तो तिने विरारला घेतला होता. सासरी, भुईगावात, साधी सुई घेतली तरी संध्याकाळपर्यंत सासूला कळतं. दुकानदाराने आधी मोठेमोठे, चकचकीत चाकू पुढे टाकले. "कशासाठी पाहिजे, मॅडम?" त्याने विचारलं. "फळं कापायला," ती म्हणाली. मग फळं कापणारी बाई विचारणार नाही असे प्रश्न तिने विचारले. मूठ ओल्या हातातून निसटेल का? उघडलेलं पातं आपल्याच बोटांवर मिटेल का? एका हाताने उघडतो का? हे शेवटचं महत्त्वाचं होतं, कारण दुसरा हात स्टीवनने पिरगाळून धरलेला असायचा. दुकानदाराने लहानसा, अंगठ्याने उघडणारा, उघडल्यावर खटकन अडकणारा चाकू दिला.

पहिल्याच महिन्यात तिने तो बिघडवला. चिकू कापून न पुसताच मिटला. चीक सांध्यात बसला आणि खाऱ्या हवेने पात्यावर तांबूस ठिपके आले. मग मोबाइलवर बघून ती शिकली. पातं कोरडं पुसायचं, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा, दगडावर हलक्या हाताने धार लावायची. हे सगळं न्हाणीघरात, नळ सोडून, जीव मुठीत धरून. त्यातच एका रात्री स्टीवनने तिला केसांना धरून फरफटत नेलं तेव्हा चाकू पर्समध्ये होता आणि पर्स दुसऱ्या खोलीत खुंटीला. दुसऱ्या दिवशी तिने शिंपिणीकडे सगळे कुर्ते दिले आणि प्रत्येकाला खिसा लावून घेतला. शिंपिणीला वाटलं, मोबाइलसाठी.

पण चाकू तिने त्याच्यासमोर कधीच उघडला नव्हता. सासू, फ्लॉसीबाय, दरवेळी तिचा हात शेकताना एकच सांगायची, "पोरगं शुद्धीत नसतं गं तेव्हा. सकाळी त्याला काय पण आठवत नाय." आणि खरंच, सकाळी स्टीवन तिचा सुजलेला गाल बघून दचकायचा, "हे काय झालं?" विचारायचा, स्वतः बर्फ आणून द्यायचा. ज्याला आठवतच नाही त्याच्यावर राग कसा धरायचा? एवढ्या एका गोष्टीवर ज्युलीचा संसार उभा होता.

पाणी त्याच्या गळ्याला लागलं.

चाकू काढला की त्याला दिसणार. दिसला की तो काढून घेणार आणि आज रात्री घरी काय होईल ते देवालाच ठाऊक. नाही काढला, तर घरी फक्त तीच जाईल. तो विचार क्षणभर तिला बरा वाटला. तो बरा वाटला याचीच तिला पाण्यापेक्षा जास्त भीती वाटली. समोर हनुवटी वर करून श्वास घेणारा माणूस रात्रीचा नव्हता. हा बर्फ आणून देणारा होता, ज्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याला कसं बुडू द्यायचं?

तिने चाकू काढला. अंगठ्याने उघडला. पातं खटकन अडकलं.

स्टीवनने बेल्ट ओढायचं सोडलं. दोन्ही कोपरं वर करून तोंड झाकलं.

"ज्युली, नको! त्या दिवशी दरवाजा मी मुद्दाम लावला तुझ्या बोटांवर, कबूल आहे! जिन्यावरून पण मीच ढकललं, तुझा पाय नव्हता घसरला... सगळ्यांना खरं सांगतो, आईला पण सांगतो. मारू नको, ज्युली!"

ज्युलीचा हात तसाच थांबला. टेम्पोवाला काठावरून काहीतरी ओरडत होता, ते तिला ऐकूच आलं नाही.

मग तिने वाकून बेल्ट धरला आणि कापला. धार चांगली होती, एका ओढीत तुटला. ती खिडकीतून वर आली. टेम्पोवाल्याने स्टीवनला काखेत हात घालून ओढून काढलं. तो रस्त्यावर गुडघाभर पाण्यात उभा राहून खोकत होता.

"घाबरलो गं," तो म्हणाला. "काय पण बडबडलो. चल, घरी जाऊ."

ज्युलीच्या ओढणीचं एक टोक कोरडं राहिलं होतं, त्याने तिने पातं पुसलं, चाकू मिटून खिशात ठेवला आणि ती माहेराच्या, पापडीच्या रस्त्याला लागली.

"ज्युली! अगं, शपथ, मला काय पण आठवत नाय!"

ती थांबली, पण मागे वळली नाही.

"आठवतं, स्टीवन. तुला सगळं आठवतं."