डेल किंकेडला काढणं परवडत नाही

दुपारी दीड वाजता रेनाटाने सांगितलं की डेल किंकेडला काढणं परवडत नाही. ठेवणंही परवडत नाही.

"मग काय परवडतं?" आर्विड टोलेफसनने विचारलं.

"तीन वर्षांपूर्वी काढणं," रेनाटा म्हणाली आणि सूपच्या वाटीत बिस्किटं चुरत राहिली.

आर्विड ड्युलूथच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मॅनेजर होता आणि रेनाटा संघाचा पगारहिशेब बघायची. लीगचा नियम सोपा होता: सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार ठरलेल्या मर्यादेत हवा. मार्चमधल्या या एका दिवशी, दुपारी तीनच्या ठोक्याला. ड्युलूथ मर्यादेच्या दोन कोटी ऐंशी लाख डॉलर वर होता.

एरवी आर्विड दर मार्चला एकच काम करायचा. डेलला बोलवायचा, त्याचा त्या वर्षीचा पगार हिशेबात पुढच्या वर्षांवर ढकलायचा आणि सही घ्यायचा. ढकलायला वर्षं संपली तेव्हा त्यांनी करारात नवी वर्षं जोडली. त्या वर्षांत डेल खेळणार नाही हे डेलला माहीत होतं, आर्विडला माहीत होतं, लीगलाही माहीत होतं. कुणाची हरकत नव्हती. अशाच ढकललेल्या पगारामुळे संघाच्या हिशेबातला दुसऱ्या क्रमांकाचा महागडा खेळाडू प्रत्यक्षात निवृत्त होऊन आयोवात मधमाश्या पाळत होता. नाताळात तो ऑफिसला मधाची बाटली पाठवायचा, सोबत आभाराचं कार्ड.

डेल अडतीस वर्षांचा होता, संघाचा क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, ज्याच्या जिवावर खेळ चालतो तो. गेल्या मोसमात तो फेकायच्या आतच एकसष्ट वेळा आडवा झाला होता, कारण त्याला वाचवायला समोर उभी राहणारी चांगली माणसं घ्यायची तर पैसे त्याच्याच पगारात गेले होते. सतरापैकी चौदा सामने हरले. तीन वर्षांपूर्वी दक्षिणेतला एक संघ डेलच्या बदल्यात नव्या पोरांमधून पहिल्या फेरीत निवड करायचा आपला हक्क दोन वर्षं द्यायला तयार होता. त्यातून दोन पोरं आली असती, नवा संघ उभा राहिला असता. तो सौदा झाला नाही. त्यातलं एक पोर आता दुसरीकडे खेळतं आणि गेल्या महिन्यात त्याने अजिंक्यपद जिंकलं. तो सामना आर्विडने आवाज बंद करून पाहिला.

"आज काढला तर पुढे ढकललेलं सगळं आजच अंगावर येतं," रेनाटा म्हणाली. "एकच वाट आहे. त्याने या वर्षीचा पगार सोडायचा. तीन कोटींचे बारा लाख. जूनपर्यंत कागदावर राहायचं आणि मग घरी जायचं. म्हणजे उरलेलं ओझं दोन वर्षांत वाटता येतं."

"आणि त्याने का म्हणून सोडायचा?"

"ते तुम्ही विचारा. मी फक्त बेरीज करते."

सव्वादोनला डेल आला. जिना चढायला त्याला अलीकडे वेळ लागायचा. खुर्चीत बसताना त्याचा गुडघा वाजला, तेव्हा दोघांनीही बाहेर तळ्यावरच्या बर्फाकडे पाहिलं.

आर्विडने वाक्यं पाठ करून ठेवली होती. तू या गावाला काय दिलंस, इथपासून सुरुवात होती. तिसऱ्या वाक्याला तो अडखळला आणि कागद सरळ पुढे सरकवला.

"डेल, संघ पाडून नव्याने बांधायचाय. तुझ्याशिवाय. आणि ते तुझ्याच पैशांनी करावं लागतंय. हे मागायला मला लाज वाटते."

डेलने कागद वाचला नाही. सही कुठे करायची तेवढं विचारलं.

"अरे, वाच तरी. जवळजवळ तीन कोटी आहेत."

"कोरीन म्हणते, नवऱ्याने घरात अजून पैसे आणले तर तिसरी बोट घ्यावी लागेल. दुसरीच अजून पाण्यात उतरलेली नाही." त्याने सही केली. "शिवाय हे तीन वर्षं उशिरा होतंय."

"म्हणजे?"

"त्या मार्चमध्ये तुम्ही मला बोलावलंत ना, तेव्हा मी हेच सांगायला आलो होतो. मला विका, दोन पोरं घ्या, नवीन संघ बांधा. कोरीनला समोर बसवून दोन आठवडे तालीम केली होती. ती तुमची भूमिका फार छान करायची. ओरडायची वगैरे."

आर्विडने चष्मा काढला.

"मग बोलला का नाहीस?"

"दारातच तुमचा चेहरा बघितला. डोळे लाल. मला वाटलं, मी गेलो तर म्हातारा खचेल. तुम्ही म्हणालात, अजून एक वर्ष. मी म्हटलं, बरं. मग पुढच्या वर्षी परत तेच. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तीन वर्षं आडवा होतोय, आर्विड." तो हसला. "बरगड्या चार गेल्या. तक्रार नाही."

पावणेतीनला रेनाटाने कागद लीगला पाठवला आणि दारातून अंगठा दाखवला. संघ मर्यादेत बसला होता, आठ लाख शिल्लक ठेवून. डेलने उठून आर्विडच्या खांद्यावर हात ठेवला. नेहमीसारखाच, जपून. मग तो जिना उतरू लागला, एकेका पायरीवर थांबत.

आर्विडने त्याला हाक मारली नाही. त्या मार्चमध्ये दक्षिणेतल्या संघाला तो आदल्या संध्याकाळीच होकार देऊन बसला होता आणि डेलला बोलावलं होतं ते 'तुला विकलं' एवढंच सांगायला. पण दारात उभ्या डेलचा चेहरा इतका उतरलेला होता, की त्याला खुर्चीत बसवून आर्विड बाजूच्या खोलीत गेला आणि फोन करून सौदा मोडून आला.